काळ्या मातीवर कुंपण घालताना

परभणी शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्याला लागा, वसमत रोड असो की जिंतूर रोड, पाथरी रोड असो की गंगाखेड रोड. जिथे कापूस आणि ज्वारी उभी असायची, तिथे आता प्लॉट पडले आहेत आणि प्लॉटांवर घरे उभी राहिली आहेत. या नव्या वसाहतींतून मे महिन्यात एक फेरी मारली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. घरे शाबूत आहेत, पण त्यांच्या कंपाउंडच्या भिंती रस्त्याच्या बाजूला कलल्या आहेत. कुठे विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला तडा दिसतो, कुठे फाटकाचा खांब सरकल्यामुळे कडी लागत नाही. घरमालक गवंड्याला बोल लावतो, गवंडी सिमेंटला. खरे कारण दोघांच्याही पायाखाली असते.

घराचे बांधकाम काढताना पायाचा विचार होतो, इंजिनिअरला विचारले जाते, कॉलम-बीम घेतले जातात. कुंपणाचे मात्र शेवटी बघू म्हणून सोडून देतात. वास्तुशांत जवळ आलेली असते, हातातले पैसे संपत आलेले असतात, मग दीड फूट खणून चार इंची भिंत उभी करायची आणि वरून रंग द्यायचा. पुढे-मागे, चारही बाजूंनी एकसारखीच. परभणीच्या काळ्या मातीत हा हिशेब हमखास चुकतो. कुंपण कोणते घ्यावे हे दुकानात ठरवण्याआधी आपल्याच प्लॉटमध्ये खड्डा खणून ठरवावे, असे मला मनापासून वाटते.

ही माती दख्खनच्या काळ्या खडकाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होऊन तयार झाली. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत तिचा थर जाड आहे. उत्तरेला जिंतूरच्या डोंगरांकडे आणि दक्षिणेला गंगाखेड-पालमकडच्या बालाघाटाच्या रांगांकडे गेले की थर पातळ होतो आणि थोडे खणताच मुरूम लागतो. जिल्हा एकच, पण सेलू-मानवतच्या भारी जमिनीतले कुंपण आणि जिंतूरच्या माळावरचे कुंपण एकाच मापाने बांधून चालत नाही.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे सूक्ष्म थर पापडांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी मिळाले की ते या थरांच्या मधे शिरते आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेले की थर पुन्हा जवळ येतात, माती आकसते आणि भेगाळते. भर उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत सहज जातो. दरवर्षी पावसाळ्यात वर उचलली जाणारी आणि उन्हाळ्यात खाली बसणारी ही जमीन आहे. घर वजनाने जड असते, त्यामुळे ते या उचलीला थोडेफार दाबून धरते. कुंपणाची भिंत हलकी, लांबलचक आणि उथळ पायाची. तिला माती सहज हलवते.

भिंत बाहेरच का कलते, याचे उत्तरही इथेच आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला आपण जास्वंदीला, तुळशीला, लॉनला रोज पाणी घालतो. तिकडची माती बारा महिने ओली आणि फुगलेली राहते. पलीकडे रस्ता; तिकडची माती कोरडी आणि आकसलेली. एक बाजू वर उचलते आणि बाहेर रेटते, दुसरी खाली बसते. मागच्या बाजूला मोरीचे पाणी एकाच ठिकाणी मुरत असेल तर तेवढाच तुकडा वर येतो आणि तिथेच तडा जातो. जमीन सगळीकडे सारखी फुगली असती तर भिंतीला फारसे काही झाले नसते. नुकसान होते ते ओल आणि कोरड यांच्या सीमारेषेवर, आणि कुंपण नेमके त्या रेषेवर उभे असते.

आपली माती किती फुगते हे घरी पाहता येते. जमिनीपासून दोन-तीन फूट खालची माती घ्या, वाळवा, कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. खुणा असलेल्या दोन सारख्या काचेच्या नळ्या घ्या आणि दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून आतली हवा बाहेर काढा आणि एक दिवस नळ्या हलवू नका. रॉकेल मातीच्या थरांत शिरत नाही, त्यामुळे त्या नळीतली माती आहे तेवढीच राहते. पाण्यातली माती फुगून वर चढते. दोन्ही उंचींमधला फरक रॉकेलमधल्या उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, म्हणजे फुगवटा ५० टक्क्यांच्या वर गेला, तर सावध व्हायचे. १०० टक्क्यांच्या वर गेला तर उथळ पायाच्या विटांच्या भिंतीचा विचार सोडून द्यायचा. प्रयोगशाळा हीच चाचणी भारतीय मानकानुसार करतात, नेमक्या चाळणीने आणि मापाच्या नळीने. घरचा अंदाज तेवढा अचूक नसतो, पण हजारो रुपये जमिनीत घालण्याआधी तो पुरेसा बोलका असतो.

आपल्या जुन्या गावांना हे ठाऊक होते. गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन भागांत धरली जायची. काळीत शेती, पांढरीवर वस्ती. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडक्या घरांची माती मिसळत गेलेली असे. ती काळीसारखी भेगाळत नाही. म्हणून माळवदाच्या घरांच्या जाडजूड भिंती आणि गढ्यांचे तट पांढऱ्या मातीचे उभे राहिले. आज शहर वाढले ते काळीवर, आणि भिंती मात्र आपण पांढरीवर असल्यासारख्या बांधतो आहोत.

शेतकऱ्याने काळीवर भिंत कधी घातली नाही. त्याने कुपाटी केली. बोराटी आणि बाभळीच्या काटेरी फांद्या एकीत एक अडकवून रचायच्या आणि येण्याजाण्यापुरता एक झापा ठेवायचा. जमीन वर-खाली झाली तरी कुपाटी तिच्याबरोबर हलते, मोडत नाही. दोष एवढाच की वाळवी लागते, पावसात कुजते आणि दरवर्षी नवी करावी लागते.

याच अडचणीतून एक प्रचंड उद्योग या देशात एकदा झाला होता. मिठावरचा कर चुकवून मीठ नेता येऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून बऱ्हाणपूरवरून पुढे पार ओडिशाच्या सीमेपर्यंत जकातीची रेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर होती आणि तिच्यावर जवळजवळ १२ हजार माणसे पहाऱ्याला होती. आधी या रेषेवर वाळक्या काट्यांचे कुंपण असे. वाळवी, वारा, पाऊस आणि आग यांनी ते टिकेना. १८६७ ते १८७० या काळात जकात आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, ज्यांचे नाव पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेशी जोडले गेले, जिवंत झाडांचे कुंपण लावण्याचा धडाका लावला. जिथली जमीन आणि पाऊस जसा, तिथे तशी झाडे: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर. जमीन निकस असेल तिथे चर खणून बाहेरची चांगली माती आणून भरली. गरिबाच्या मिठावर कर बसवण्यासाठी हे सारे झाले, त्यामुळे त्याचे कौतुक करवत नाही. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली. पण झाड जमिनीला विचारून निवडावे, हा त्यातला धडा आपल्या अंगणालाही लागू आहे.

आता घराच्या पुढच्या बाजूकडे येऊ. पुढचे कुंपण हद्द दाखवते, गुरे आणि शेळ्या बाहेर ठेवते आणि घराचा चेहरा होते. त्याला उंची लागत नाही. कायदाही ती देत नाही. महाराष्ट्रात २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार कंपाउंडच्या भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत ठेवता येते. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, म्हणजे आरपार दिसणारा असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येते. प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर वळणाजवळ भरीव भिंत ०.७५ मीटरच ठेवायची, वर गज लावायचे, कारण वळणारी मोटारसायकल आणि शाळेतून येणारे पोर एकमेकांना दिसले पाहिजे. फाटक आतल्या बाजूला उघडणारे करावे. काम काढण्याआधी महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत परवानगीचे विचारून घ्यावे.

पुढच्या बाजूला माझे मत सरळ आहे: फूट-दीड फूट उंचीचा भक्कम कठडा, त्यावर लोखंडी गज, आणि आतून मेंदीची किंवा कोयनेलची दाट रांग. भरीव भिंतीपेक्षा हे उन्हाळ्यातही सुखाचे. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता अंगणात सोडत राहते. झाडांची रांग पानांतून बाष्प सोडते, ती तशी तापत नाही. वाऱ्याचेही तेच. भरीव भिंतीवर आदळलेला वारा वरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरा करून धूळ अंगणातच टाकतो. थोडा वारा आरपार जाऊ देणारी दाट झुडपे त्याचा जोर मोडतात, आणि उंचीच्या दहापट अंतरापर्यंत हा आडोसा जाणवतो. म्हणून पश्चिमेकडची बाजू, पुढची असो की मागची, शक्यतो झाडांचीच ठेवावी.

मेंदी इथे का, तर ती काटक आहे. एकदा मूळ धरले की उन्हाळा काढते, कात्री सोसते आणि काळ्या मातीत नांदते. तिची लागवड लोक घाईने करतात आणि मग वर छत्री, खाली नुसते काटक्यांचे पाय असे कुंपण होते, ज्यातून शेळीचे करडू आरामात आत येते. ते टाळायचे तर दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणावा, निघालेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून तो भरावा आणि दोन ओळींत, एकीच्या फटीसमोर दुसरीचे रोप येईल अशी, फुटा-फुटावर रोपे लावावीत. रोपे वीतभर झाली की जिवावर दगड ठेवून ती अर्ध्यावर छाटावीत. बुडातून चार-पाच फुटवे येतात. ते वाढले की पुन्हा छाटावे. पहिल्या वर्षी उंचीचा मोह धरायचा नाही, बूड भरू द्यायचे. पुढे कापतानाही खाली रुंद आणि वर निमुळते ठेवायचे, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते आणि ती झडत नाहीत.

कोयनेलची पाने कडू असल्यामुळे जनावरे तिला फारसे तोंड लावत नाहीत. अडुळसा आणि निर्गुडीही शेळ्या सहसा खात नाहीत, शिवाय खोकल्याला आणि शेक द्यायला पाला घरचा मिळतो. मोकाट जनावरांचा फार त्रास असेल तिथे करवंद लावावी. काटे आहेत, फळे आहेत, पाणी कमी लागते. बोगनवेल दिसायला देखणी आणि अडवायला भक्कम, पण तिला आधार आणि वेळच्या वेळी छाटणी हवी.

काही झाडे मात्र घराजवळ नकोतच. शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, लहान मुले असलेल्या घरात तिची रांग नको. जायकवाडीच्या कालव्याच्या कडेने फोफावलेली बेशरम फांदी खोचली की लागते, म्हणून काही जण तिचेच कुंपण करतात. ती शेळ्या-मेंढ्यांना विषारी आहे आणि ओल मिळाली की सगळीकडे पसरते. वेडी बाभूळही तशीच पसरणारी. निवडुंगाचा इतिहास आठवावा. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग कुंपणासाठी म्हणून लोकांनी लावला आणि त्याने पडीक राने गिळली. शेवटी १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा कीटक आणून सोडावा लागला, तेव्हा तो आटोक्यात आला.

मागच्या बाजूचे काम वेगळे. तिथे धुणी-भांडी, वाळवण, परसबाग, कधी एखादी गाय. आडोसा हवा, सुरक्षितता हवी, आणि पाण्याचा निचराही हवा. इथे मी तारेच्या जाळीला पहिली पसंती देईन. गॅल्व्हनाइज्ड चेनलिंक जाळी, सिमेंटचे किंवा लोखंडी अँगलचे डांब आठ ते दहा फुटांवर, आणि कोपऱ्यांवरच्या डांबांना तिरके टेकू. टेकू वाचवले की जाळीच्या ताणाने कोपरे आत ओढले जातात आणि सगळी जाळी लोंबते. डांबाचा खड्डा निदान अडीच फूट घ्यावा, मुरूम जवळ लागत असेल तर मुरमात टेकवावा. खड्ड्यातले काँक्रीट खाली रुंद आणि वर अरुंद असावे. नेमके उलटे, वर पसरट झाले तर फुगणारी माती त्या कडेला धरून डांब वर उचलते. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर घेऊन उतरता करावा, म्हणजे डांबाच्या बुडाशी पाणी साचून लोखंड गंजणार नाही.

जाळी जमिनीबरोबर थोडी हलते, तिला तडे जात नाहीत. आडोसा वेलींनी होतो. दोडका, कारले, घेवडा, तोंडले जाळीवर सोडा. चार महिने घरची भाजी आणि हिरवी भिंत दोन्ही मिळते. तोंडले तर एकदा लावले की वर्षानुवर्षे राहते. वेलींच्या बुडाशी पालापाचोळा, लाकडे, विटांचे ढीग मात्र साठू देऊ नका. उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. काटेरी तार लावायचीच असेल तर ती माणसाच्या डोक्याच्या वर, जाळीच्या माथ्यावर लावावी. १८७४ मध्ये अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांनी पेटंट घेतलेली ही तार मोकळ्या कुरणांतली जनावरे अडवण्यासाठी होती. पोरे खेळतात त्या परसात गुडघ्याच्या उंचीवर तिला जागा नाही.

सिमेंटच्या फळ्यांचे रेडिमेड कंपाउंडही आता सगळीकडे दिसते. खाचा असलेले खांब रोवायचे आणि त्यांत फळ्या सरकवायच्या. काळ्या मातीत ते विटांच्या भिंतीपेक्षा बरे, कारण फळ्या सुट्या असतात. एखादा खांब हलला तर तेवढाच काढून पुन्हा ओळंब्यात रोवता येतो. खर्चाचा मोठा भाग खांबांच्या खड्ड्यांवर करा, फळ्यांच्या नक्षीवर नको.

आणि तरीही विटांचीच भिंत हवी असेल, मोठ्या रस्त्यालगत किंवा शेजारी वर्दळीचे दुकान असेल तर हवी वाटतेच, तेव्हा ती नीट बांधावी. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर गोळा असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली. जिथपर्यंत ओल-कोरड पोचत नाही अशा खोलीवर, साधारण साडेतीन मीटरवर, खांबाचा गोळा मातीत रुतून बसतो. वर बीम टाकून त्यावर भिंत उभी राहते, आणि बीमच्या खाली मुद्दाम पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देत नाही. लहान प्लॉटला हा खर्च झेपत नसेल तर काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा, दर दहा-बारा फुटांवर भिंत तोडून उभी फट ठेवावी, आणि बुडाशी पाणी निघायला भोके सोडावीत. आतल्या बाजूने दोन फूट रुंदीचा मुरमाचा पट्टा ठेवून झाडे त्याच्या पलीकडे लावावीत. मोरीचे पाणी पाइपने लांब न्यावे. वड, पिंपळ, नीलगिरी भिंतीजवळ लावू नयेत; त्यांची मुळे खोलवरची ओल शोषतात आणि तेवढीच जमीन जास्त आकसते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. रानडुकरांच्या त्रासाने शेताच्या कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडणारे लोक आहेत, आणि आता शेताला लागून असलेल्या घरांच्या मागेही तसे करण्याचा विचार कानावर येतो. हा गुन्हा आहे आणि याने माणसे मरतात, बहुतेकदा घरचीच. झटका मशीन क्षणभरच्या तुटक झटक्यावर चालते, ते यंत्र वेगळे. पण पोरे खेळतात त्या परसात त्याचीही गरज नाही.

हद्दीचा प्रश्न आधी मिटवा. शेतजमिनीतून पडलेल्या प्लॉटांच्या खुणा नांगरटीत आणि रस्त्याच्या कामात हरवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मोजणी करून घ्यावी, खुणांवर दगड रोवावेत आणि तेव्हा शेजाऱ्याला हजर ठेवावे. वीतभर जागेवरून चालणारे दावे कुंपणाच्या खर्चाच्या कित्येक पट पैसे खातात. शेजारी समंजस असेल तर मधली बाजू दोघांत मिळून जिवंत कुंपणाचीच करावी. छाटणी आपापल्या बाजूने होते आणि सावली दोघांनाही मिळते.

मोजणी हिवाळ्यात उरकून घ्या. चर मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. मृगाचे एक-दोन दमदार पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली की रोपे लावा. डांब रोवायचे काम मात्र त्याआधीच संपवा, कारण पाऊस लागल्यावर काळ्या मातीत खड्डाही नीट निघत नाही आणि काँक्रीटही नीट बसत नाही.